उजवीकडचा चौकोन

छत्रपती संभाजीनगर
८ सप्टेंबर २०२५

वहिनी,

नमस्कार करतो. मायना कसा लिहितात ते विसरलोय. शाळेत पत्रलेखनाचा तास असायचा तेव्हा मी नदीवर असायचो.

पत्र बघून दचकू नका. फोन केला की तुम्ही आबांच्या खाटेपाशी बसूनच उचलता आणि "बरं हाय" एवढंच म्हणता. त्यांचं बोलणं गेलंय, कान गेले नाहीत. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तुम्ही काय बोलणार? म्हणून कागद.

मी इथं एका संस्थेत सहा महिन्यांच्या कोर्सला लागलोय. हसू नका. आयटीआय अर्धं सोडलं, डीजेच्या गाडीवर राहिलो, पाथरीच्या फोटो स्टुडिओत चार महिने काढले, मांडववाल्याबरोबर नांदेडपर्यंत लाईटिंग करत फिरलो, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण हे मला आवडायलंय. चित्र, आवाज, अक्षरं पडद्यावर मांडायची आणि माणसानं बोट लावलं की पडद्यानं त्याला उत्तर द्यायचं. इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया म्हणतात.

निकिता मॅडम शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुणासाठी करणार?" माझा रूम पार्टनर हरिओम, पाथरीचाच आहे, तो म्हणाला, "सगळ्यांसाठी." मॅडम म्हणाल्या, "सगळे म्हणजे कुणीच नाही. एक माणूस धरा. तो काय बघतो, काय ऐकतो, त्याचा हात कुठं पोचतो, ते लिहून आणा." माझी पाळी आली तर मी म्हणालो, माझे वडील, पॅरालिसिस झालाय. ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

आता तुम्हाला एक सांगायला पाहिजे. दोन वर्षांमागं सोयाबीनच्या मळणीला तुम्ही जिंतूरला माहेरी होता. मशीन शेतात लागलं होतं, त्यात सोयाबीनचं काड टाकायला मी होतो. रोडवर डीजेच्या गाडीनं हॉर्न दिला. "तासाभरात येतो" म्हणून मी गेलो आणि चौथ्या दिवशी आलो. त्याच संध्याकाळी पाऊस झाला आणि अर्धा ढीग भिजला. आबा ओरडले नाहीत. म्हणाले, "आता मला तोंड दाखवू नगंस." ते बोलतात कमी, म्हणून बोललेलं राहतं.

जुलैत परभणीला दवाखान्यात मी आलो होतो. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. खाटेजवळ भिंतीला टेकून अर्धा तास उभा होतो, तोंडातून शब्द फुटला नाही. आबांनी सलाईनकडं बघितलं, दादाकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. माझ्याकडं नाही. मी चहासुद्धा न घेता निघून आलो.

तर वहिनी, आबांचा दिवस कसा जातो ते सगळं लिहून पाठवा. मॅडमला दाखवायचंय.

राम


बोरखेडी, ता. सेलू
१९ सप्टेंबर

राम भाऊजी,

पत्र मिळालं. आबांचा दिवस लिहून पाठवते, पण मग मधेच सोडून जाऊ नका. आधीच सांगून ठेवते.

उजवा हात आणि पाय गेलेला आहे. डावा हात चालतो, चांगला ताकदीनं चालतो, परवा ग्लास फेकून मारला तेव्हा कळलं. तोंडातून "हां" येतं आणि बाकी नुसता आवाज. समजतं मात्र सगळं. पाणी पाहिजे असलं की माझ्याकडे बघत राहतात. मी एकेक म्हणत जाते, चहा पाहिजे का, पाणी देऊ का, कूस बदलू का, पाय चेपू का. बरोबर शब्द येईपर्यंत त्यांचे डोळे भरतात, नाहीतर चिडतात. लघवीचं तर सांगताच येत नाही. दिवसातून तीनदा अंथरूण धुते. ज्या माणसानं सुनेसमोर कधी टोपी काढली नाही त्याला हे किती लागत असेल.

कळशीवर थाप मारून मला बोलवायला शिकले आहेत. बातम्या लावल्या तर ऐकतात. बैल विकला त्या दिवशी जेवले नाहीत.

तुमचे दादा दिवाळी झाली की ट्रॅक्टर घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातील. मग घरात मी आणि आबा.

तोंड दाखवू नकोस म्हणाले, हे मला माहीत नव्हतं. दादांनी कधी सांगितलं नाही. आता आबांच्या मनात काय आहे ते आबांनाही सांगता येत नाही, आणि मी विचारलेलं नाही. दवाखान्यात आला होता हेही आज कळलं. खाली चहाच्या टपरीवरच होते मी. एक हाक मारायची होती.

राजेश्री


संभाजीनगर
१२ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं. कळशीवर थाप मारतात तिथं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बघा, या माणसानं स्वतःचं बटन स्वतः शोधलंय." मला लय अभिमान वाटला, जसं काय मीच कळशी वाजवली.

पहिलं जे बनवलं ते मॅडमनी फेकून दिलं. त्यात मोर नाचायचा, हलगी वाजायची आणि मग पाण्याचा ग्लास गिरक्या घेत यायचा. "हे आबांसाठी आहे की तुमच्या डीजेसाठी?" खरं होतं. मग आठ दिवस नुसते ग्लासच काढत बसलो. मधे एक दिवस बॅटरी आणायला गेलो आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी दुपारभर बसून आलो, बॅटरी राहिलीच. डोळ्याला भिंग लावून तो इतक्या बारीक चाकाला हात लावतो. असो.

आता पडद्यावर सहा चौकोन आहेत. डाव्या हाताला वरून खाली तीन: पाणी, चहा, दुखतंय. उजव्या हाताला तीन: लघवी, बैल आणि शेवटी मी. बोट लावलं की मोठ्यानं आवाज येतो. आवाज माझाच आहे, संडासात बसून भरलाय, कारण तिथंच शांत असतं. हरिओम बाहेरून विचारायचा, "चहा पाहिजे का दुखतंय, एक काय ते ठरव की."

बैल कशाला, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, माणसाला नुसतं मागायचंच नसतं.

माझ्या फोटोला बोट लावलं की "आबा, मी राम. येतोय मी" एवढं येतं. दहा वेळा भरलं, अकराव्यांदा बरं आलं. दाढी करून फोटो काढलाय. तोंड दाखवू नगंस म्हणाले होते म्हणून खालच्या कोपऱ्यात ठेवलाय, उजवीकडं. बघायचं का नाही ते त्यांच्या हातात. वहिनी, बाकीचे पाच शिकवा त्यांना, पण माझ्या फोटोकडं बोट करायचं नाही. आपणहून दाबला तरच खरा.

आपल्या शेजारचे दत्तराव लेकीकडं इकडं आले होते. त्यांच्याबरोबर टॅब पाठवतोय. संस्थेचा आहे, जपा. त्यांनी विचारलं, "ह्याच्यात शिनेमा दिसतो का रे?" मी म्हणालो, "आबांच्या मनातलं दिसतं."

राम


बोरखेडी
३० ऑक्टोबर

राम भाऊजी,

टॅब दत्तराव भाऊंनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला. आधी अर्ध्या गावानं बघितला, मग आबांनी.

पहिल्या दिवशी आबांनी पाणी आठ वेळा दाबलं. तहान नव्हती. तुमचा आवाज आला की दचकायचे, पडद्याकडे बघायचे आणि पुन्हा दाबायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते तर मागून "चहा पाहिजे" ऐकू आलं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा या घरात आबांनी काही मागितलं आणि ते मला ओळखावं लागलं नाही. मी आधण ठेवलं आणि तिथेच बसून रडले. त्यांना दिसू दिलं नाही.

तुमच्या मॅडमना सांगा, चहा आणि पाणी बरोबर जमलं. लघवीचं जमत नाही. मी शंभर वेळा बोट धरून दाखवलं. माझ्याबरोबर दाबतात, नंतर विसरतात. लघवी लागली की दुखतंय दाबतात. मी पोट चोळायला घेते आणि तोवर व्हायचं ते होऊन जातं. मग ते माझ्याकडे बघत नाहीत. बैलही दाबत नाहीत. कदाचित विकला म्हणून राग असेल.

तुमचा फोटो दाबतात. सकाळी एकदा आणि दिवा लावायच्या वेळेला एकदा. मान हलवतात आणि "हां" म्हणतात. मी काही दाखवलेलं नाही, तुम्ही सांगितलं तसंच केलं.

दादा परवा गेले. तुम्ही कोर्स पुरा करा.

राजेश्री


संभाजीनगर
९ नोव्हेंबर

वहिनी,

शुक्रवारी तुम्ही आबांना सेलूला डॉक्टरकडं आणलं होतं ना? टॅब पिशवीत असणार. सेलूत नेट लागलं आणि कोणत्या चौकोनाला किती वेळा बोट लागलं त्याचे आकडे आपोआप माझ्याकडं आले. तशी सोय मी करून ठेवली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं, ती माझी चूक.

पाणी तीनशेच्या वर आहे. चहाही बराच आहे. माझा फोटो शून्य.

एकदासुद्धा नाही. पुढचे आकडे मी बघितले नाहीत, बंद करून टाकलं.

तुमच्यावर रागावलो नाही. तुम्ही का लिहिलं ते कळतं. पण सकाळी एकदा, दिवा लावायच्या वेळेला एकदा, हे वाचून मी त्या दोन्ही वेळेला काम थांबवून बसायचो. हरिओमला सांगायचो, आता दाबला असेल बग.

चूक आबांची नाही. माणूस बोलला होता, बोलल्यासारखं वागतोय. दवाखान्यात तेच केलं, इथंही तेच.

मांडववाल्याचा फोन आलाय, वसमतकडं उरुसाची लाईटिंग आहे. तिथून पुढं कुठं ते ठरलं नाही. टॅब दत्तरावांबरोबर संस्थेत परत द्या. लघवीचं तेवढं कुणाला तरी नीट करायला सांगतो.

राम


बोरखेडी
१४ डिसेंबर

राम भाऊजी,

तुमचा फोन लागत नाही. हे पत्र हरिओमच्या नावानं पाठवतेय, तो पोहोचवेल. टॅब परत केलेला नाही. करणारही नव्हते.

खोटं लिहिलं, ते कबूल करते. तुम्ही कधी नव्हे ते एका जागी टिकला होता, ते मोडू नये म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते, शेवटपर्यंत वाचा.

आबा महिनाभर अर्धंच जेवायचे. ताटात भाकरी असायची, पिठलं तसंच असायचं. मी म्हणायचे, तोंडाला चव नसेल. परवा पाणी आणायला उठले आणि पायाचा धक्का लागून ताट गोल फिरलं. परत येऊन बघते तर आबा नुकतंच वाढल्यासारखे पिठलं खायलेत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघितलं. ताटातलं डावीकडचं सगळं संपलं आणि उजवीकडचं जसंच्या तसं. ताट फिरवलं की उरलेलंही संपलं.

मग त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन कंगवा धरून उभी राहिले. हूं नाही की चूं नाही. डाव्या बाजूला आले तर लगेच हात पुढे केला.

सेलूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत, मेंदूत झालंय. उजवीकडचं अर्धं जग त्यांच्यासाठी नाहीच, आणि ते नाही हेही त्यांना कळत नाही.

आता तुमचे आकडे पुन्हा उघडा. लघवी बघा, बैल बघा. दोन्ही जवळपास शून्यच असणार, मी त्यांचं बोट धरून दाबलेलं सोडलं तर. त्यांनी तुम्हाला टाळलं नाही, भाऊजी. तुम्ही त्यांना दिसलाच नाहीत.

आणि परभणीला तुम्ही भिंतीला टेकून उभा होता असं लिहिलंय. त्या खाटेशी मी तीन आठवडे काढले. खिडकी आबांच्या डाव्या हाताला होती. भिंत उजव्या.

राजेश्री


संभाजीनगर
३० डिसेंबर

वहिनी,

हरिओमनं पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा मी वसमतहून येऊन दोन दिवस झाले होते आणि कुठं जावं ते कळत नव्हतं. पत्र वाचून मी जिन्यात बसलो. हरिओमला वाटलं घरचं कुणी गेलं.

आकडे उघडले. लघवी एकशे चार, सगळे पहिल्या आठवड्यातले, ते तुमचे. बैल शून्य. मी शून्य. तीन चौकोन एका रांगेत उभे आहेत आणि मला त्यातला माझाच दिसला.

मॅडमसमोर गेलो. दीड महिना गायब होतो म्हणून हाकलतील असं वाटलं. त्यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही आबांसाठी करत होता ना? मग आकडे स्वतःसाठी का वाचले?" बसा म्हणाल्या.

आता पडद्याची उजवी बाजू नुसती काळी ठेवलीये. सगळं डावीकडं आहे, चौकोन मोठे, एकाखाली एक. लघवी सगळ्यात वर, आणि तिच्याखाली मी. हरिओम म्हणाला, "बढती झाली तुझी."

दत्तरावांना सांगा, बाजारच्या दिवशी टॅब सेलूला न्यावा. नेट लागलं की नवं आपोआप येईल.

तुम्ही यायचं लिहिलं नाही, पण ते कळलं. येतो. फेब्रुवारीत प्रोजेक्ट दाखवायचाय, तेवढं झालं की येतो. आधी एकदा आबांनी फोटो दाबू द्या. त्यांनी दाबला तर माझं पाऊल उचलेल.

राम


बोरखेडी
१८ जानेवारी २०२६

राम भाऊजी,

आकडे यायची वाट बघू नका, मी सांगते. या वेळेला खरं.

नवं आलं त्याच दिवशी लघवी जमली. आता अंथरूण कोरडं असतं. आबा माझ्याकडे पुन्हा बघायला लागलेत.

तुमच्या फोटोकडे पहिल्यांदा बराच वेळ नुसते बघत राहिले. मग बोट ठेवलं. "आबा, मी राम. येतोय मी." त्यांनी बोट उचललं नाही. पुन्हा दाबलं. डोळ्यातलं पाणी गालावरून मानेत गेलं तरी पुसेनात. मी पुसायला गेले तर माझा हात बाजूला केला.

मग दाराकडे बघितलं.

तेव्हापासून हेच चाललंय. दाबतात आणि दाराकडे बघतात. दार उजवीकडे पडत होतं म्हणून मान वळवून वळवून शोधायचे, शेवटी मी खाट फिरवून घेतली. आता दार डावीकडे आहे. साडेदहाची गाडी फाट्यावर थांबल्याचा आवाज येतो तेव्हा दाबतात. उतरलेली माणसं गल्लीतून पुढे जातात. गाडी निघून गेली की पुन्हा दाबतात. पाणी मागितलं की मी पाणी देते, चहा मागितला की चहा देते. हे मागितलं तर मी काय देऊ?

एक तर तुमचा आवाज बदला, नाहीतर या. रोज वीस-वीस वेळा "येतोय" ऐकायचं आणि रिकामं दार बघायचं, हे त्यांना सोसवेल, मला सोसवत नाही.

त्यांच्या छातीत कफ झालाय. जेवण कमी झालंय, या वेळेला दोन्ही बाजूचं. डॉक्टर बघू म्हणतात. डॉक्टर बघू कधी म्हणतात ते तुम्हाला कळतं.

राजेश्री


संभाजीनगर
२४ जानेवारी

वहिनी,

गुरुवारी येतो. सकाळच्या गाडीनं सेलू आणि तिथून जीपनं दुपारपर्यंत घरी. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या प्रोजेक्ट राहू द्या.

आबांना सांगू नका. नाही, सांगा. सांगा की गुरुवारी.

डावीकडून आत येईन.

राम


बोरखेडी
१६ फेब्रुवारी

राम भाऊजी,

तेराव्यापर्यंत घरात माणसंच माणसं होती आणि तुमचे दादाही होते. दोन शब्द एकांतात बोलता आले नाहीत. तुम्ही चौदाव्या दिवशी पहाटे निघूनही गेला. म्हणून लिहितेय. हे दत्तराव भाऊंना आणि मला सोडून कुणाला माहीत नाही.

गुरुवारी मी आबांची दाढी करवून घेतली, धुतलेला सदरा घातला. उशा लावून दिवसभर बसवलं. मी सांगितलं होतं ना, राम येणार. संध्याकाळपर्यंत आडवं होऊ देईनात.

शुक्रवारी सकाळपासून श्वास लागला. डॉक्टरांना निरोप धाडला. दत्तराव भाऊ एकच्या सुमाराला बघायला आले. मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, आबांशी बोलायचं तर डाव्या बाजूनं या. ते तसेच आले आणि वाकले. आबांच्या मांडीवर टॅब होता, बोट फोटोवर होतं. त्यांनी दाबलं. तुमचा आवाज आला, आणि वर बघितलं तर समोर माणूस.

त्यांनी दत्तराव भाऊंचा हात धरला. "हां, हां" करायला लागले. नजर मंदावली होती, पण तोंडावर जे आलं ते मी या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं. दत्तराव भाऊ म्हणाले, "आबा, मी द..." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते गप्प झाले.

साठीचा माणूस, कमरेचं दुखणं असलेला. वाकून तसाच उभा राहिला. आबांनी दुसऱ्यांदा टॅबला हात लावला नाही. सव्वादोनला गेले. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मी बरोबर केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. आबा तुम्हाला भेटून गेले, असं मी धरून चालते. तुम्हाला ते चालेल की नाही माहीत नाही. पण लपवून ठेवायचं नव्हतं. एकदा खोटं लिहून बघितलं होतं.

तुम्ही संध्याकाळी आला आणि गाडी चुकली म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

राजेश्री


संभाजीनगर
२५ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पाच दिवस खिशात घेऊन हिंडलो. दत्तरावांना काय म्हणायचं ते मला अजून सुचलं नाही. त्यांच्या हातांचा मला राग येतो आणि त्या हातांवर डोकंही ठेवावंसं वाटतं. तुम्ही मान हलवली ते बरं केलं. आबांना जे मिळालं ते मी दिलेलं नाही, पण मिळालं.

आता माझं ऐका. गाडी चुकली नव्हती.

गुरुवारी साडेदहाला मी सेलूला उतरलो. जीप समोर उभी होती, दोन सीटा कमी होत्या, ड्रायव्हर ओरडत होता. मला वाटलं, रिकाम्या हातानं कसं जावं. आबांपुढं उभा राहून बोलणार काय? लग्नाआधी आबा तीन हंगाम सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तुम्हाला कधी सांगितलं का माहीत नाही, आईला त्यांनी पहिल्यांदा तिथंच बघितलं होतं, कापसाच्या गाडीवर आजोबांशेजारी बसलेली. मी लहान असताना एकदाच सांगितलं होतं. म्हटलं, त्या मशीनचा आवाज भरून घ्यावा, बैलाच्या जागी टाकावा. घरी जाऊन बोट लावायला सांगावं. मग मला काही बोलावं लागणार नाही.

गुरुवारी जिनिंग बंद होतं, मशीनचा पट्टा तुटला होता. वॉचमन म्हणाला, उद्या या. मी स्टेशनवर झोपलो. वीस किलोमीटरवर घर होतं, वहिनी. सायकलनं गेलो असतो तरी पोचलो असतो. एकच दिवस, असं स्वतःला म्हणत होतो. तुम्ही आबांना उशा लावून बसवलं होतं हे मला माहीत नव्हतं, पण मीच "सांगा गुरुवारी" असं लिहिलं होतं. मला भीती वाटत होती. त्यांनी फोटो बघितला होता, तोंड बघितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मशीन चालू झालं. आत धूळ लय, म्हणून मी सरकीच्या ढिगामागं भिंतीशी फोन धरून उभा राहिलो. पहिल्यांदा भरलं त्यात कुणीतरी खोकलं. दुसऱ्यांदा ट्रॅक्टर आला. तिसऱ्यांदा भरायला घेतलं तेव्हा एक वाजून गेला होता. हात हलू नये म्हणून कोपर भिंतीला टेकवून, श्वासाचाही आवाज होऊ न देता उभा होतो. ती वेळ फोनमध्ये लिहिलेली आहे. एक बेचाळीस ते दोन सोळा.

आवाज स्वच्छ आलाय. मधे कुणाचाच आवाज नाही.

राम